हरलो म्हणेपर्यंत

बिघडलेलं यंत्र दुरुस्त करणारी दुकानं गावोगाव असतात. मलकापूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं जे दुकान होतं, तिथे चांगलं चालणारं यंत्र मुद्दाम बिघडवायचा रिवाज होता. गिऱ्हाइकाला हे आम्ही कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने आपला रेडिओ पोटाशी धरून बाहेर पळ काढला असता.

दुकान दौलतभाऊंचं. मी त्यांचा आधी शागीर्द, मग पगारी माणूस, मग भागीदार. संपादकांचा निरोप आला की धंद्यातले अनुभव लिहा, तेव्हा मी हसलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तूंच्या पोटात डोकं घालून बसलेला माणूस लिहिणार काय? पण लिहायला बसलो आणि रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर सगळे बाजूला राहिले. भाऊच समोर येऊन बसले. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा एक पोरगेलासा इसम बसतो, तरी मी त्या रस्त्याने गेलो की मान वळतेच. तेव्हा हे सगळं भाऊंबद्दलच होणार आहे, संपादकांनी माफ करावं.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हा भाऊंनी दुकान घातलं. त्या वेळचा रेडिओ म्हणजे लाकडी पेटी आणि आत काचेचे व्हॉल्व्ह. ते तापेस्तोवर आवाज यायचा नाही. ग्रामपंचायतीचा रेडिओ बंद पडला की शिपाई तो बैलगाडीत कडब्यावर ठेवून आणायचा आणि दुरुस्त होईपर्यंत आमच्या पायरीवर बसून राहायचा, कारण रिकाम्या हाताने गावात शिरायची त्याची हिंमत नसे.

मी नंतर आलो, मॅट्रिक होऊन, नोकरीच्या चार ठिकाणी नकार घेऊन. सुरुवातीला जे गिऱ्हाईक पाहिलं ते अजून आठवतं. लोणारचे एक निवृत्त तलाठी, सगळे त्यांना तात्या म्हणत. वाटेतले झाडून सगळे मेकॅनिक सोडून ते एसटीने रेडिओ मांडीवर घेऊन आमच्याकडे यायचे. तक्रार ठरलेली, "आवाज खोल गेला." त्या दिवशी भाऊंनी रेडिओ लावला. ठणठणीत वाजत होता. भाऊ एकदा रेडिओकडे पाहत होते, एकदा तात्यांकडे. मग त्यांनी रेडिओ उघडला, धड असलेली एक वायर काढली, पुन्हा कथलाने झाळून जागच्या जागी बसवली, आतला स्पीकर काढून मोठा बसवला आणि तात्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "वायर निघाली होती, तात्या. बसली आता."

तात्या खूश होऊन गेले. मी म्हटलं, "भाऊ, रेडिओ तर चांगला होता."

"रेडिओ चांगलाच हाये बे," भाऊ म्हणाले. "कान गेले त्याईचे. ते म्या काऊन सांगू?"

आता रिवाजाबद्दल. दुपारी गिऱ्हाईक नसलं की भाऊ मला म्हणायचे, "जाय, चहा सांगून ये." मी परत येईस्तोवर त्यांनी दुकानाच्या स्वतःच्या एका रेडिओत काहीतरी करून ठेवलेलं असे. कुठला सांधा सोडवलेला, कुठे चांगला भाग काढून जळका बसवलेला. मग पाठ टेकून बसायचे. "मोडलं. पाह्य आता."

याचे नियम तीनच. मोडायची ती आपलीच वस्तू, गिऱ्हाइकाच्या वस्तूला नख लावायचं नाही. मोडणाऱ्याने काय मोडलं ते डोक्यात ठेवायचं, कुठे लिहायचं नाही. आणि शोधणारा "हरलो" म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही, पण त्याने एकदा "हरलो" म्हटलं की ताबडतोब सांगून टाकायचं. मग त्यात टाळाटाळ नाही, चिडवाचिडवी नाही.

"लिहून काऊन नाई ठेवायचं, भाऊ?" मी एकदा विचारलं.

"लिहून ठेवलं तं मानूस कागदाकडे पाह्यते. मशीनकडे पाह्यत नाई."

पुढे पुढे मीही त्यांच्यासाठी मोडू लागलो. तेच माझं शिक्षण. दुसऱ्याला सापडणार नाही असा बिघाड करायचा तर यंत्र आतून बाहेरून ठाऊक असावं लागतं. मी नाना युक्त्या केल्या. भाऊ रेडिओला कान लावत, वास घेत, बोटाच्या नखाने एकेक भाग ठोकून पाहत आणि तासाभरात मला समोर बोलावून दाखवत. मी किती वेळा हरलो त्याला गणती नाही. भाऊ एकदाही नाही. लग्न झालं, मुलं झाली, रेडिओ जाऊन टीव्ही आले, पण भाऊंच्या तोंडून एकदा तरी "हरलो" ऐकायचं ही माझी इच्छा काही गेली नाही. घरी बायको म्हणायची, "तुमाले दुसरं काई मिळवाचं नाई का?" खरंच दुसरं काही नव्हतं.

मग कॉम्प्युटर आले. कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या हापिसात आले, सायबर कॅफेत आले, आणि बिघडून आमच्याकडे आले. पेटी उघडणं आम्हाला अवघड नव्हतं. पण पेटीतले सगळे भाग चांगले असून कॉम्प्युटर चालत नाही, हा प्रकार आम्हाला नवा होता. भाऊंनी तर पहिल्या कॉम्प्युटरला कान लावून पाहिला होता.

अशात स्टेशनच्या पुस्तकांच्या गाड्यावरून भाऊंनी एक इंग्रजी मासिक आणलं. त्याबरोबर एक सीडी फुकट होती, तिच्यावर पेंग्विनचं चित्र. ते होतं लिनक्स. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरला नुसती वीज देऊन भागत नाही. आत कोणी काय करायचं, कुठे लिहायचं, कोणाला आत घ्यायचं, हा कारभार पाहणारी एक व्यवस्था लागते. बहुतेकांकडे ती विकतची असते आणि सीलबंद असते. लिनक्स जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट आणि उघडं. आत डोकावा, हवं ते बदला, आणि बदलता बदलता वाटोळं करून घ्या, कोणी अडवत नाही.

भाऊंचं वय तेव्हा साठीच्या पुढे. एकेक इंग्रजी शब्द बोटाखाली धरून वाचत. हे सगळं त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी मासिक मिटलं आणि म्हणाले, "पर्भाकर, हे कोनंतरी आपल्यासाठीच बनवलं बे."

पहिल्याच दिवशी आम्ही दुकानाच्या कॉम्प्युटरवरचं होतं नव्हतं ते पुसून टाकलं. त्यात भाऊंच्या नातीच्या बारशाचे फोटो होते. सुमनवहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, पुढे कित्येक दिवस दुकानात डबा पाठवताना त्यात लोणचं ठेवत नव्हत्या. एवढ्या शिक्षेवर निभावलं.

लिनक्समध्ये 'रूट' नावाचा एक मालक असतो. त्याला कोणी विचारत नाही की बाबा, ही भिंत खरंच पाडायची का? त्याने म्हटलं पाड की पडली. एकदा मी मालक होऊन एका कप्प्यातला कचरा पुसायला गेलो आणि आज्ञा लिहिताना मधे एक रिकामी जागा जास्त पडली. त्या एका मोकळ्या जागेने अर्थ बदलला आणि कॉम्प्युटर स्वतःलाच पुसत सुटला. मी घाबरून बंद करायला धावलो, तर भाऊंनी हात धरला.

"राहू दे. कुठलोक जाते ते पाहू."

दोघं खुर्च्या ओढून बसलो. थोड्या वेळाने थांबलं. मग एकेक आज्ञा देऊन पाहिली. फाइली दाखव, म्हटलं, ते येईना. तारीख सांग, येईना. सगळं गेलं होतं. फक्त एक आज्ञा शिल्लक होती, आपण दिलेला शब्द जसाच्या तसा परत म्हणून दाखवायची. भाऊंनी स्वतःचं नाव लिहिलं. मशीनने दौलत म्हणून दाखवलं. त्यांना त्याचं भारी कौतुक वाटलं. मग आम्ही सीडी घालून सगळं पुन्हा पहिल्यापासून बसवलं, आणि बसवताना जे समजलं ते कुठल्या क्लासमध्ये समजलं नसतं.

जुना रिवाज इथेही सुरू झाला हे सांगायला नकोच. दुकानाचा एक कॉम्प्युटर त्यासाठीच ठेवला. आठवड्याची सुटी असली की आम्ही अर्धं शटर ओढून आत बसायचो. भाऊंची सगळ्यांत नामी करामत एक होती. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला परवानगी असते, ही वाचता येईल, ही चालवता येईल वगैरे. परवानगी देणारी एक आज्ञा असते. भाऊंनी त्या आज्ञेचीच चालायची परवानगी काढून घेतली. आता तिला परवानगी द्यायची तर तीच चालवायला हवी, आणि ती चालेना. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद केल्यासारखं झालं. मी दोन दिवस डोकं फोडून "हरलो" म्हटलं. भाऊंनी लगेच दाखवलं. चालणारी एखादी दुसरी आज्ञा घ्यायची, तिची नक्कल करायची आणि त्या नकलेत हिचा मजकूर ओतायचा. अंग दुसरीचं, आत जीव हिचा. ती चालते आणि कुलूप उघडते. सांगताना भाऊंचा चेहरा असा खुलला होता की हरल्याचं मला काहीच वाटलं नाही.

वरवट बकालच्या शाळेला शहरातल्या कुठल्याशा कंपनीने जुने कॉम्प्युटर दिले होते. व्हायरसने भरलेले, त्यात लोडशेडिंग. शिकवणाऱ्या बाई रडकुंडीला आल्या होत्या. आम्ही त्या सगळ्यांवर लिनक्स बसवलं आणि ते चाललं. भाऊ महिन्यातून एकदा एसटीने तिथे जात, मशीनी पाहत, आणि येताना बाईंनी दिलेली वाळूकं किंवा हिरवे हरभरे घेऊन येत. ती शाळा म्हणजे त्यांचं सगळ्यांत लाडकं गिऱ्हाईक होतं.

इथवर लिहिताना मला मजा आली. आता येत नाही, पण लिहायला हवं.

एका सुटीच्या दिवशी मी चहा सांगून आलो. भाऊ पाठ टेकून बसलेले. "मोडलं. पाह्य आता."

मी पाहायला लागलो. मशीन सुरू होत होती. प्रिंटर छापत होता. घड्याळ बरोबर, जागा रिकामी, परवानग्या जिथल्या तिथे. मूळ फाइलींपैकी कोणती बदलली आहे हे सांगणारी एक आज्ञा असते, ती चालवली. एकही बदललेली नव्हती. दुपार गेली. मला वाटलं, भाऊंनी आज आयुष्यातली सगळ्यांत मोठी करामत केली. सगळं चांगलं दिसतंय आणि तरी कुठेतरी मोडलेलं आहे. मनातून मी खूश होतो. दिवेलागणीला मी हात टेकले.

"हरलो भाऊ. सांगा."

भाऊंनी खुर्ची पुढे ओढली. बोटं कीबोर्डवर ठेवली. काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, खोडलं.

"सांगतो ना बे," ते म्हणाले.

उठून माठातलं पाणी प्याले. परत येऊन बसले. मी वाट पाहत होतो. मग त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गाडी आज लेट दिसते. अजून मानसं नाई उतरले." आणि चपला घालून घरी गेले.

इतक्या वर्षांत "हरलो" म्हटल्यावर त्यांनी सांगितलं नाही असं कधी झालं नव्हतं. मी आपला समजलो की करामत उद्यासाठी राखून ठेवली. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. शेवटी ते माझ्यावर खेकसले, "काय सांगा सांगा लावलं बे रोजचं?" भाऊ माझ्यावर कधी खेकसत नसत. मला राग आला. मोडलेलं काहीच नव्हतं, हे मला तेव्हाही सुचलं नाही.

पुढे शाळेच्या बाईंचा फोन आला. निकालपत्रकं छापायची आणि मुख्य मशीन कशालाच दाद देईना. आदल्याच आठवड्यात भाऊ तिथे कीबोर्ड बदलायला गेले होते. त्या दिवशी त्यांना बरं नव्हतं, म्हणून मी गेलो. मशीनसमोर बसलो. काहीही चालवायला गेलं की परवानगी नाही, परवानगी नाही. मी परवानगी देणारी आज्ञा पाहिली. तिचीही परवानगी काढलेली होती.

कारागिराला कारागिराचा हात ओळखू येतो. दुरुस्तीला काही वेळ लागला नाही, उत्तर मला भाऊंनीच शिकवलेलं होतं. बाई उभ्याच होत्या.

"कशानं झालं हो काका?"

"मधेच लाइट गेली असंन," मी म्हणालो.

"भाऊंनी तं सगळं चेक करून देल्लं होतं."

"हाव. लाइटच्यानं होते असं."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो होतो. बाईंनी भाऊंसाठी दिलेली वाळकाची पिशवी मांडीवर होती. भाऊंनी गिऱ्हाइकाची वस्तू मोडली. हे वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं आणि ते काही केल्या खरं वाटेना. मलकापूर आलं तरी मी उतरलो नव्हतो, कंडक्टरने हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंना सरळ म्हटलं, "भाऊ, वरवटची मशीन तुमी मोडली."

ते ताडकन उठले. "म्या? गिऱ्हाइकाची?" त्यांनी चश्मा काढून टेबलावर ठेवला. "या दुकानात कोनाच्या वस्तूले नख नाई लावलं म्या. तू मले शिकवून राह्यला का? तूच केलं असशीन, अन् माया नावावर ढकलून राह्यला."

चश्मा टेबलावर तसाच टाकून ते निघून गेले. संध्याकाळी तो द्यायला मी घरी गेलो. वहिनी दारातच भेटल्या. मागे ओट्यावर मिक्सर खोलून पडलेला दिसत होता, त्याचे भाग एका ताटात ठेवलेले.

"भाऊंनी खोलला?" मी विचारलं.

"पोळ्याच्या आधी खोलला. आता जुळत नाई त्याईच्यानं," वहिनी म्हणाल्या. "रोज ताट घेऊन बसतात अन् उठतात. जेवले का नाई ते मलेच इचारतात."

"मले काऊन नाई सांगितलं, वहिनी?"

त्यांनी चश्मा घेतला आणि पदराने पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या. "सांगितलं असतं तं तुमी त्याईले दुकानात येऊ देल्लं असतं का? घरात बसवलं तं ते महिनाभर नाई टिकनार, पर्भाकरभाऊ. त्याईले दुकानापासून नका तोडू."

मग भाऊंना अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी विसरण्याच्या त्या आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि हेही सांगितलं की गेलेलं परत येत नाही. आम्ही दोघांनी आयुष्यभर एकच गोष्ट मानली होती, की जे मोडलं ते शोधलं की सापडतं आणि सापडलं की दुरुस्त होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना भाऊंनी माझा हात धरला होता. मला त्या डॉक्टरचा भयंकर राग आला होता, बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

भाऊंना दुकानापासून तोडायचं नाही हे ठरलं. पण लोकांच्या वस्तू तिथे येत होत्या, त्यांचंही पाहायला हवं होतं. मी मागच्या कोपऱ्यात भाऊंसाठी एक मशीन वेगळी मांडली. तिची कुठलीच तार बाकीच्यांना जोडलेली नव्हती. बाकी सगळ्या मशीनींना मी माझा पासवर्ड घातला. वहिनी रोज त्यांना दुकानापर्यंत आणून सोडत, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. मी म्हणायचो, "मोडा भाऊ. मी चहा सांगून येतो."

काही महिने ते झकास मोडत होते. माझं नाव कधी आठवे, कधी नाही, पण बोटांना सगळं येत होतं. पासवर्ड तर ते माझ्याशी बोलता बोलता लिहीत. एक दिवस फिरत फिरत पुढच्या मशीनपाशी आले. थोडा वेळ उभे राहिले.

"ह्याले कुलूप काऊन लावलं?"

"व्हायरस येते भाऊ हल्ली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांना सगळं समजत होतं, मला अजून वाटतं. "चांगलं केलं," ते म्हणाले आणि कोपऱ्यात जाऊन बसले. त्यांना दूर ठेवणारं कुलूप मी त्यांच्याच शिकवणीवर बनवलं होतं, हे मला आजही टोचतं. दुसरा इलाज नव्हता हेही खरं आहे.

मग त्यांचं मोडणं बारीक होत गेलं. नुसतं एखाद्या फाइलचं नाव बदललेलं असे. मग तेही नाही. "मोडलं. पाह्य आता," एवढं म्हणायचे आणि मी शोधायचं सोंग करायचो. कधी लवकर, कधी उशिरा "सापडलं भाऊ" म्हणायचो. ते मान हलवायचे. मी पुढे बसून गिऱ्हाइकं सांभाळत होतो, आणि लोकांना वाटे, म्हातारा अजून काय जोरात काम करतो.

शेवटची गोष्ट उन्हाळ्यातली. दुपारची वेळ, रस्ता सामसूम. भाऊ कोपऱ्यात मशीनसमोर बसलेले, मी पुढे एका प्रिंटरचा रोलर साफ करत होतो. लिनक्सची मशीन सुरू झाली की पडद्यावर ओळी धावतात, ह्याची तपासणी झाली, त्याची झाली, आणि शेवटी ती थांबते आणि नाव विचारते. आधी नाव, मग पासवर्ड. भाऊंना त्या धावणाऱ्या ओळी पाहायला फार आवडायचं. त्या दिवशी ओळी थांबून बराच वेळ झाला, तरी कळा वाजल्याचा आवाज येईना. म्हणून मी वळून पाहिलं.

मशीन नाव विचारत होती. भाऊंची दोन्ही हातांची बोटं कीबोर्डवर नीट ठेवलेली होती, जशी ते नेहमी ठेवत. ती हलत नव्हती. ते पडद्याकडे पाहत होते, मग हातांकडे, मग पुन्हा पडद्याकडे. ओठ हलले. एक बोट उचललं, परत ठेवलं. मी उठून जवळ गेलो. त्यांनी हात मांडीवर घेतले आणि माझ्याकडे पाहिलं.

"हरलो," भाऊ म्हणाले.

मी पडद्याकडे पाहिलं.

"हरलो म्हनलं ना बे. सांग आता. काय मोडलं?"

नियम त्यांचाच होता. हरलो म्हटलं की टाळाटाळ करायची नाही. हा शब्द ऐकण्यासाठी मी जन्म घालवला होता, आणि आता तो ऐकू आला तेव्हा माझ्याजवळ सांगायला काही नव्हतं. मी काहीच मोडलं नव्हतं. मशीन चांगली होती. ती फक्त नावाची वाट पाहत होती.

भाऊ माझ्याकडे पाहत होते. मी गुडघे टेकले, टेबलाखाली शिरलो, भिंतीजवळची विजेची वायर काढली आणि पुन्हा होती तिथेच घट्ट बसवली.

"वायर निघाली होती, भाऊ," मी खालूनच म्हणालो.

"बसली का?"

"बसली."

वर मशीनचा पंखा घरघरला, तिची ती बारीक शिटी वाजली. ओळी धावायला लागल्या असाव्यात, कारण भाऊंचा आवाज आला, अगदी पहिल्यासारखा, खुशीतला.

"पाह्य बे, सुरू झाली."

मी टेबलाखालीच बसून राहिलो. थोड्या वेळात ती पुन्हा नाव विचारणार होती.